मधल्या खांबाची किल्ली

अहो, किल्ली सापडली.

दवाखान्यातून तुमचे कपडे एका पिशवीत घालून दिले होते. तुम्हाला घाटावर पोचवून सगळे परतले, घर पाहुण्यांनी भरलं, तरी ती पिशवी मी कपाटामागून बाहेर काढली नव्हती. माधुरी म्हणाली, "आई, दे इकडं, मी धुते." मी नको म्हटलं. तुमचे कपडे जन्मभर मी धुतले, आता शेवटचे तेवढे लेकीच्या हातात कशाला देऊ? पाण्यात टाकायच्या आधी सवयीने चाचपले. सदऱ्याच्या खिशात सुपारीचं खांड होतं. लेंग्याची नाडी सुटलेली होती. आणि आतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीच्या खिशात बोटांना ती लागली. मी तिथेच मोरीत खाली बसले.

त्या दुपारी त्या किल्लीसाठी लोकांनी अख्खं घर पालथं घातलं होतं. दारामागचा खिळा, देव्हारा, सायकलला अडकवलेली पिशवी, टीव्हीचा वरचा भाग, कुणीतरी तर पिठाचा डबासुद्धा उघडून बघितला. आणि ती तुमच्या अंगावर होती. एसटीच्या मुक्कामाच्या गाडीवर असताना पैसे त्या खिशात जपायची तुमची जुनी सवय. मला ती माहीत होती. त्या दुपारी आठवली नाही. आठवली असती तरी चारचौघांत मी तुमच्या चड्डीत हात घातला असता का, हेही मला आज सांगता येत नाही.

पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मी शाळेतली बाई, धडा मधूनच सुरू केलेला मला चालत नाही.

तुम्ही एसटीचे ड्रायव्हर. सांगली-तासगाव, सांगली-म्हसवड अशा फेऱ्या मारण्यात तुमचा जन्म गेला. रिटायर झालात तेव्हा मला वाटलं, आता एखादी जुनीपानी चारचाकी घ्याल आणि मला साताऱ्याला माहेरी फिरवून आणाल. तर तुम्ही सायकल घेऊन आलात. काळी, उंच, मागे कॅरिअर. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणालात, "लय वर्सं उंचावरनं रस्ता बघितला, बाई. आता जरा खालनं बघतो." बायकोला बाई म्हणणारा नवरा गल्लीत तुम्ही एकटेच.

आपली गल्ली म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी चिंचोळी वाट. सिग्नल चुकवायला ज्याला त्याला ती सापडली होती. रिक्षा, टेम्पो, हंगामात उसाचे ट्रॅक्टरसुद्धा. शाळेची मुलं गटाराच्या कडेने भिंतीला चिकटून चालायची आणि त्यांच्या मागून त्यांची बाई. माझी नोकरी संपत आली होती, तेव्हाची गोष्ट. मागून टेम्पो आला, मी बाजूला सरले आणि गटारात गेले. डावं मनगट मोडलं. टेम्पोवाला थांबलाही नाही. हाड जुळलं, पण वाकडं. अजून मला ओली साडी नीट पिळता येत नाही.

प्लास्टर होतं तोवर भाकरी तुम्ही थापलीत. एकही गोल झाली नाही. मी हसले की म्हणायचात, "पोटात गेल्यावर कोण बघतंय गोल हाय का चौकोनी?" भांडी घासलीत, माझी वेणीसुद्धा घालून द्यायला बसलात आणि केसांचा गुंता करून ठेवलात. पण त्या टेम्पोबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. शिवी नाही, चौकशी नाही. आणि एका सकाळी शाळेच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी सायकल आडवी लावून उभे राहिलात.

मी दारातून बघत होते. पहिलाच टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, सायकल काढा की!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "काढतो की. आदी तू खाली उतर. हितपतूर चालत ये. मग काढतो." तो उतरला नाही. मागे वळवून गेला. पलीकडच्या घरातले बाबर सुभेदार तेव्हा नुकतेच फौजेतून कायमचे परतले होते. ते गॅलरीतून म्हणाले, "वा ड्रायव्हरसाब! सारी उमर हॉर्न वाजवून माणसं बाजूला केली, आन् आता ट्रॅफिक बंद?" तुम्ही वर बघून म्हणालात, "म्हणून तर." तुमची आणि त्यांची दोस्ती आणि भांडण एकाच दिवशी सुरू झालं.

संध्याकाळी मी विचारलं, हे कशासाठी? म्हणालात, "पोरांसाठी. शाळेच्या." माझ्या प्लास्टरकडे बघितलं नाहीत. मीही पुढे विचारलं नाही. नंतर कितीतरी वेळा जिभेवर आलं, हे माझ्यासाठी होतं का हो? पण आपल्यात असं कुठे विचारतात? तुम्ही पोरांसाठी म्हणत राहिलात आणि मी बरं म्हणत राहिले.

सायकल काही जन्मभर आडवी लावता येणार नव्हती. गल्ली गाड्यांना बंद करा म्हणून तुम्ही महापालिकेत अर्ज केलेत, गल्लीतल्या लोकांच्या सह्या गोळा केल्यात, चपला झिजवल्यात. मधे पूर आला, गल्लीत कमरेएवढं पाणी झालं, आपण माझ्या बहिणीकडे साताऱ्याला जाऊन राहिलो. तिथेही तुमचं डोकं त्यातच. राजवाड्यापासून चढ चढताना धापा टाकत होतात आणि तरी बोलत होतात. "तुमच्यात चढ हाय म्हणून माणूस चालतोय आन् गाडी दमतीया. आमची सांगली सपाट, म्हणून गाड्या माजल्यात." मी म्हटलं, आधी दम घ्या, मग सांगलीचं बघा. तुम्ही एका ओट्यावर बसलात, मी तुमच्या शेजारी. समोरून म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन भर रस्त्यातून गप्पा मारत चालल्या होत्या. कितीतरी वेळ आपण नुसते त्यांच्याकडे बघत होतो. पुराने घरातलं निम्मं सामान नेलं होतं आणि मी त्या ओट्यावर सुखात होते.

शेवटी परवानगी आली. तीन लोखंडी खांब. कडेचे दोन कायमचे, मधला काढता येणारा, त्याला कुलूप. कचऱ्याची गाडी, कुणाचं लग्न, कुणाचं सामान, अशा वेळी उघडायचा. खड्ड्यांच्या जागा तुम्ही ठरवल्यात. गवंडी टेप काढत होता तर त्याला थांबवलंत. "टेप कशाला? ह्याच्याहून बारीक जागंतनं यष्टी काढलीया मी." डोळ्यांनी माप घेतलंत, खुणा केल्यात, खांब रोवून घेतलेत, काळा-पिवळा रंग स्वतः दिलात. आणि दुसऱ्या दिवशी पारूमावशीची भाजीची हातगाडी दोन खांबांत घट्ट अडकली.

टोमॅटो रस्ताभर झाले. पारूमावशी माणदेशातली, म्हसवडकडची. ती कुणाचं ऐकते? कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं ड्रायव्हर, यष्टी जातीया न्हवं हितनं? मग माजा गाडा का आडलाय?" सगळी गल्ली हसली. सुभेदार तर गॅलरीचा कठडा धरून हसले. तुम्ही दोन्ही हातांनी टोमॅटो गोळा करत होतात आणि कान लाल झाले होते. "गाडाच रुंद हाय तुजा," एवढं म्हणालात. पण गवंड्याला परत बोलावलं नाहीत. पहार घेऊन स्वतः बसलात, तो कडेचा खांब उकरून काढलात आणि भिंतीकडे सरकवलात. हाताला फोड आले. मी हळद लावली तेव्हा म्हणालात, "बाई, यष्टीच्या सीटवरनं समदं जवळ दिसतं." चूक कबूल करायची तुमची तेवढीच तऱ्हा.

त्यानंतरची गल्ली मी कशी विसरू? मुली सायकलींवरून येऊ लागल्या, कपाळावरचे केस उडवत. म्हातारी माणसं खुर्च्या बाहेर टाकून बसू लागली. बायकांनी रस्त्यावर कुरडया वाळत घातल्या तर तुम्ही ओरडलात, "ह्यो रस्ता हाय, गच्ची न्हाई!" मोटारसायकलवाले तरी घुसायचेच, त्यांना तुम्ही उतरवून चालवत न्यायला लावायचात आणि शिव्या खायचात. मी मात्र जायची ती गटाराच्या कडेनेच. पायांना ती सवय लागली होती. मागून तुमचा आवाज यायचा, "बाई, मधनं चाला. रस्ता तुमचा बी हाय." मी म्हणायची, हो हो. आणि कडेनेच चालायची.

आपलं खरं भांडण किल्लीवरून. किल्ली एकच, ती तुमच्याकडे. मी किती वेळा म्हटलं, दुसरी करून सुभेदारांकडे ठेवा. तुम्ही हटला नाहीत. "एकदा धा हातांत गेली की कुलूप उरतंय कुठं? ह्यो म्हणंल माजा पाव्हणा आलाय, त्यो म्हणंल माजा टेंपू. म्हैन्यात खांब कोपऱ्यात पडंल." मी म्हणायची, तुम्ही तासगावला पाहुण्यांकडे गेलात तर? "न्हाई जात." आजारी पडलात तर? "न्हाई पडत." अशा माणसाशी काय बोलायचं?

शेवटच्या आठवड्यात तर गल्लीचं दुसरं तोंड पाइपलाइनसाठी खोदून ठेवलं होतं. आतल्या सगळ्या गाड्यांना तुमचाच खांब. जो तो बेल वाजवायचा, "काका, खांब!" जेवणावरून उठून जात होतात. त्या दिवशीही घास हातात असताना उठलात. परत आल्यावर मी चिडून म्हटलं, "एवढा जीव अडकलाय त्या किल्लीत?" तुम्ही हसलात. वरणभात संपवलात, हात धुतलात आणि खुर्चीवर बसलात ते छातीला हात लावूनच.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी ओरडले. सुभेदारांनी गाडी काढली, खांबापर्यंत आणली, तिथून धावत परत आले. "वहिनी, किल्ली? किल्ली कुठाय?" माणसं घरात शिरली. सदऱ्याचा खिसा, खिळा, देव्हारा. कुणी दगडाने कुलूप ठोकायला लागलं, पण कुलूप तुम्ही निवडलेलं, ते कसलं तुटतंय? पारूमावशी उरलेली भाजी घेऊन परत चालली होती. तिने हातगाडी आपल्या दाराशी आणली आणि मेथी, वांगी, तराजू, सगळं रस्त्यावर ओतलं. "बगत काय ऱ्हायलाय? उचला! गाड्यावर घ्या त्यास्नी!"

तुम्ही शुद्धीवर होतात. घामाने डबडबलेले. सुभेदार पुढून ओढत होते, "हटो, हटो" म्हणून ओरडत होते, मी शेजारून पळत होते. तुम्ही म्हणालात, "हळू घ्या की. माणसं चालत्यात." तुमच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. ते माझ्यासाठी नव्हतं. मला त्याचा राग आहे, अहो. अजून आहे.

आणि तुमचा उजवा हात सारखा कमरेकडे जात होता. लेंग्याशी धडपडत होता. मला वाटलं, नाडी काचते आहे. मी पळता पळता ती सोडली. तरी हात तिथेच. मी तो धरला आणि छातीवर आणून ठेवला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जसं वर्गातलं एखादं मूल उत्तर येत असून सांगता येत नाही म्हणून बघतं तसं. मी म्हटलं, बोलू नका. तेवढ्यात खांब आले. तुम्ही उकरून सरकवलेला खांब आणि तो मधला, त्यांच्यामधून हातगाडी सरळ निघाली. कुठे घासलीसुद्धा नाही. कुलपाच्या अगदी शेजारून ती किल्ली गेली.

मोठ्या रस्त्यावर रिक्षा मिळाली. दवाखान्याच्या दारात तुम्ही गेलात.

मी डॉक्टरांना विचारलं, गाडी थेट निघाली असती तर? ते म्हणाले, झटकाच मोठा होता, फरक पडला नसता. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. भला माणूस होता. भली माणसं असंच सांगतात, म्हणून माझं समाधान झालं नाही.

भेटायला येणारे खांबाबद्दल हळू आवाजात बोलायचे. "सोताच्याच खांबानं घात केला," असं कुणीतरी म्हणालं ते मला आत स्वयंपाकघरात ऐकू आलं. दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती. मी घरी होते. हे ऐकलं आणि मनात म्हटलं, मग तो कमरेकडे जाणारा हात कसला होता?

संध्याकाळी सुभेदार येऊन बसले. चहाला हात लावला नाही. "वहिनी, एक मागणं हाय. तेरावा झाला की खांब काढू. गाडी चालू करून हुबा हुतो मी, आन् समोर त्यो खांब. मला बगवत न्हाई त्याच्याकडं. उद्या माज्या हिला काय झालं तर?" त्यांचं खोटं नव्हतं. पायरीवर पारूमावशी बसली होती. ती म्हणाली, "काडा की. मग टेंपू येत्याल. मग म्या कुठनं चालू, गटारातनं?" तेही खोटं नव्हतं. दोघंही माझ्याकडे बघत होते. तुमची गल्ली राहायची की जायची, हे मला ठरवायचं होतं, आणि मला तर सकाळी उठून काय करायचं तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायला घेतले.

मोरीत बसून मी खूप रडले, अहो. माधुरी धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी मूठ उघडून दाखवली. तुम्ही नाडीशी झगडत नव्हता. तुम्ही किल्ली काढत होतात. मला द्यायला, सुभेदारांना द्यायला, जो समोर असेल त्याला द्यायला. इतकी वर्षं भांडलात, कुणाला हात लावू दिला नाहीत, आणि शेवटी देत होतात. मी तुमचा हात धरून बाजूला केला. माझ्या मनातून ते जात नाही. आणि तरी तुम्ही देत होतात, एवढ्यावरच मी त्या दिवशी मोरीतून उठले.

तेराव्याला आपल्याकडे भांडं वाटतात. मी स्टीलच्या वाट्या सांगितल्या, तुमचं नाव घालून. आणि माधुरीला किल्ल्या करून आणायला पाठवलं, गल्लीत जेवढी घरं तेवढ्या. ती म्हणाली, "आई, बाबांना हे चाललं असतं?"

"नसतं," मी म्हटलं. "भांडले असते."

जेवणं झाल्यावर एकेकाला वाटी दिली, वाटीत किल्ली. सुभेदार ती हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "खांब राहतील. ज्यानं उघडलं त्यानं लावायचं." त्यांनी मान हलवली आणि किल्ली खिशात टाकली. पारूमावशी म्हणाली, "मला कशाला? माजा गाडा जातोय की." तरी घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. तुमची खिशातली किल्ली मी माझ्याकडे ठेवली.

आता जे झालं ते ऐका, आणि जास्त खूश होऊ नका. तुम्ही म्हणाला होतात तेच झालं. महिनाही लागला नाही. दुसऱ्या तोंडाचं खोदकाम बुजलं होतं, आणि काल दुपारी कुणीतरी खांब काढला आणि तसाच कोपऱ्यात ठेवून गेलं. शाळा सुटायची वेळ. मी दारात उभी होते आणि समोरून टेम्पो आत शिरला. मनात आलं, हरले. मुलं भिंतीकडे सरकायला लागली होती, आपोआप, जणू मधली वर्षं झालीच नव्हती.

तेवढ्यात सुभेदार खाली आले. पायात चप्पल नाही. आपल्या भिंतीला टेकवलेली तुमची सायकल त्यांनी उचलली आणि रस्त्यात आडवी घातली. टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, काढा की सायकल!" सुभेदार हँडल धरून उभे होते. म्हणाले, "काडतो. आदी खाली उतर. हितपतूर चालत ये. मग काडतो."

टेम्पो मागे गेला. सुभेदार तसेच उभे राहिले, सायकलच्या सीटवर हात ठेवून.

मी घरात गेले, किल्ली घेतली आणि खांब लावायला निघाले. सुभेदार मागून म्हणाले, "वहिनी, थांबा, मी लावतो." मी नको म्हटलं. खांब जड आहे हो, डाव्या मनगटात कळ आली. कुलूप लावलं, तुमच्यासारखं ओढून बघितलं. मग वळले तेव्हा समोर मुलं जात होती, रस्ताभर पसरून, आणि मी जिथे उभी होते तिथून आपलं दार सरळ दिसत होतं. गटाराच्या कडेने ते कधी असं सरळ दिसत नाही. तेव्हा कळलं, येताना मी मधून आले होते. कुणी मागून सांगितलं नव्हतं.

पोरांसाठी की माझ्यासाठी, हे जे विचारायचं राहिलं होतं, ते मी आता विचारत नाही. तशीच मधून चालत घरी आले.